उभं धर, टिचकी मार, हळू सरकव

मी रायफलीला हात लावला तो चाळिशी ओलांडल्यावर, आणि तोही आवाज कमी कसा करायचा या प्रश्नापायी. माझ्या बायकोला हे कधीच पटलं नाही. "लक्ष्मीबार लावला की कानात बोटं घालून जिन्यात बसायचास तू," ती म्हणायची, "आणि आता हे नवीन!" ती चूक नव्हती. मला आवाजाची भीती वाटते, म्हणूनच बहुधा त्याच्याबद्दल कुतूहलही वाटतं. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत मी यंत्रांमधली कंपनं मोजायचं काम करतो. केसाच्या शंभराव्या भागाएवढी थरथर कुठून येते ते शोधायचं. असल्या माणसाला दर शनिवारी सायकलवरून जाताना पाइनच्या झाडीतून एकाच जागी दोन-दोन आवाज ऐकू आले, एक जाड आणि एक कोरडा, तर तो थांबणारच.

झाडीत नेमबाजीचा क्लब होता. मी आत गेलो आणि विचारलं, एका गोळीचे दोन आवाज का येतात?

काउंटरवर कॉफी ओतणाऱ्या बाईंनी कोपऱ्यातल्या एका उंच म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "हा प्रश्न त्याला विचार. आम्हाला नको."

तो सत्तरी पार केलेला माणूस. पस्तीस वर्षं लायडनच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी कापेल आन डेन आयसेल या गावी. हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलं, काउंटरवरचा ओला टॉवेल उचलला आणि हवेत असा फटकारला की कपबशा किणकिणल्या.

"हा गोळीचा," तो म्हणाला. "टॉवेलचं टोक आवाजाच्या पुढे धावतं, म्हणून फाटका आवाज येतो. दुसरा आवाज बंदुकीच्या तोंडाचा. समजलं?"

"माझा टॉवेल ठेव खाली," बाई म्हणाल्या.

मी त्याला "मनीर" म्हटलं, म्हणजे इथलं "साहेब". तो म्हणाला, "मनीर कशाला? मी काय बँकेत बसतो?" पण नावानं हाक मारायला माझी जीभ वळली नाही, शेवटपर्यंत. मनात मी त्याला काका म्हणायचो. तो मला "इंजिनिअर" म्हणायचा, आणि तो शब्द असा उच्चारायचा, की जणू ते एखादं दुखणं आहे.

वर्षभर क्लबच्या बंदुकीवर शिकलो, मग पोलिसांचा परवाना आला. त्याच सुमारास, म्हणजे दोन हजार तेराच्या आसपास, झाडीपलीकडे नवी घरं उभी राहिली होती आणि खेमेंटेकडून, म्हणजे पालिकेकडून, आवाजाबद्दल पत्रं येऊ लागली होती. आवाज दाबणारी नळी लावायची इथे साध्या नेमबाजाला परवानगी नाही. रविवारची सकाळ क्लबच्या हातून जाणार असं दिसत होतं. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की दोनपैकी एक आवाज तरी आपल्या हातात आहे. गोळी आवाजापेक्षा हळू धावली तर कोरडा फटका उरत नाही. शेजाऱ्यांना तोच जास्त टोचतो.

ऐकायला सोपं वाटतं. काडतुसं आम्ही घरीच भरायचो, तेव्हा त्यांत बंदुकीची दारू कमी घालायची, झालं. इथूनच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची दोन वर्षं सुरू झाली. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

हळू धावणारी हलकी गोळी कामाची नाही, वारा तिला कुठेही ढकलतो. मग जड गोळी घ्यायची. पण बंदुकीच्या नळीचं भोक तेवढंच, तेव्हा गोळी जड करायची म्हणजे लांब करायची. आणि लांब गोळी उंच भोवऱ्यासारखी असते, जोरात फिरली नाही तर कलंडते. तिला फिरवतात नळीच्या आतले पीळ. माझ्या नळीचे पीळ सैल होते. पहिल्या शनिवारी निशाणाचा कागद आणला तर त्यावर गोल भोकांऐवजी चक्क गोळीची आडवी आकृती कापलेली, शेपटी-डोक्यासकट.

काकांनी कागद उजेडात धरला. "इंजिनिअर, तुझी गोळी झोपून आली."

"दमली असेल."

"शंभर मीटरमध्ये? माझ्यापेक्षा म्हातारी दिसते."

मग घट्ट पिळाची नळी. ती त्यांनीही बसवून घेतली, मीही. मग प्रत्येक शनिवारी वेग मोजायचं यंत्र समोर मांडायचं, पाच गोळ्या, पाच आकडे. आकडे मी एका निळ्या वहीत मराठीत लिहायचो. ऑफिसात सगळं इंग्रजी, सरकारी कागद डच, मुलगीसुद्धा "जेवलीस का" विचारलं तर डचमध्ये "हो" म्हणणारी. ही एक वही माझी होती. क्लबातले लोक तिच्यात डोकावून म्हणायचे, काय सुंदर अक्षरं, जणू दोरीवर वाळत घातलेली. मला त्याचा अभिमान वाटायचा.

उन्हाळ्यात जमलं. गोळी सेकंदाला तीनशे पस्तीस मीटरच्या आसपास, कागदावर पाच भोकं एका बिस्किटाखाली झाकतील एवढ्यात, आणि आवाज कसा, तर कुणी जाड पुस्तक टेबलावर टाकावं तसा. काउंटरवरच्या बाई दार उघडून म्हणाल्या, "संपलं का तुमचं?" आम्ही तेव्हा अजून गोळ्या झाडतच होतो. काकांना इतकं हसू आलं की त्यांना चष्मा काढावा लागला.

नोव्हेंबरात तेच काडतूस फटकन वाजलं.

मी वही तपासली. वेग तोच होता. मग घरी जाताना सायकलवर, हातमोज्यांत बोटं बधिर झालेली असताना, लक्षात आलं. थंडीत आवाजच हळू चालतो. एका अंशाला सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त फरक पडतो. गोळी पुढे गेली नव्हती, आवाज मागे आला होता. मी सायकल थांबवून एकटाच हसलो. असे क्षण माणसाला फार मिळत नाहीत. आणि असल्या क्षणांनंतरच माणूस घाई करतो, हेही खरं.

थंडीसाठी मी दारू आणखी कमी केली. आता एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. काडतुसाच्या पितळी पुंगळीत पूर्वीच दारू थोडी होती, आता ती मोठ्या डब्याच्या तळाशी राहिलेल्या चमचाभर तांदळाएवढी झाली. काडतूस आडवं असलं की ती इकडेतिकडे पसरते. मागून ठिणगी पडते तेव्हा दारू मागे गोळा झालेली असेल तर नीट पेटते. पुढे सरकलेली असेल तर पेटतेच असं नाही, आणि मग गोळीला नळीतून बाहेर पडण्याएवढा जोर मिळत नाही. ती नळीतच अडकते. आवाज मुळातच इतका कमी, की ती बाहेर गेली नाही हे कळेलच असं नाही. तशात दुसरी झाडली तर नळी फुटू शकते, कोणत्याही नेमबाजाला विचारा.

मला हे माहीत होतं. म्हणून मी काडतूस आधी उभं धरायचो, बोटानं एक टिचकी मारून दारू मागे बसवायचो आणि हळूच नळीत सरकवायचो. अशी दहा झाडली, दहाही छान गेली. वहीत लिहिलं, "टिचकी न मारता काय होतं?" आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते तपासायचं ठरवलं होतं. काडतुसांच्या पुठ्ठ्याच्या डबीवर स्वतःसाठी चिठ्ठी चिकटवली: उभं धर, टिचकी मार, हळू सरकव. तीही मराठीत.

पुढच्या शनिवारी काका म्हणाले, "दे बघू तुझी पाच. एक तुझं, एक माझं, असं झाडून एकाच कागदावर बघू कुणाचं बरं."

स्वतः भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. त्यांनी डोळा मारला. मी डबी दिली. कुणीतरी आपलं काम मागून घेतं, तेही असा माणूस, म्हटल्यावर माझी छाती फुगली होती.

त्यांनी डबी फिरवून चिठ्ठी बघितली. "हे काय लिहिलंयस?"

आणि मी म्हणालो, "तारीख."

का म्हणालो? गेली कित्येक वर्षं मी स्वतःला हे विचारतो आहे. उत्तर फार लहान आहे. माझ्या काडतुसाचे असे लाड करावे लागतात, हे मला त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. ते म्हणाले असते, "म्हणजे अजून तयार नाही तर." आणि त्यांचं बरोबर असतं. शिवाय मी मनाशी म्हटलं, दहा तर गेली आहेत.

मी कॉफी आणायला आत गेलो. दोन कप हातात होते तेव्हा तो आवाज आला. मोठा नव्हता, वेगळा होता. सगळ्या रांगेतल्या नेमबाजांनी बंदुका खाली ठेवल्या.

काका खुर्चीतच होते. चष्म्यावर काजळी, गालावर तांबडा चट्टा, हात शाबूत. नळी मध्यावर अंगठीसारखी फुगली होती, फुटली नव्हती. दोघांचीही काडतुसं कमी दारूची होती म्हणून निभावलं. नळीत एक गोळी अडकली होती आणि तिच्यावर दुसरी झाडली जाऊन तीही आतच राहिली होती, एवढं पाहणाऱ्याला लगेच कळत होतं.

रिकाम्या पुंगळ्या उचलणं ही माझी सवय. माझ्या पुंगळ्यांच्या बुडाला लाल रेघ असते. लोक काकांभोवती जमले असताना मी वाकून माझ्या दोन पुंगळ्या आणि टेबलावर काढून ठेवलेली, न झाडलेली तीन काडतुसं उचलली आणि खिशात टाकली. खोटं सांगत नाही, तेव्हा ती सवयच होती. पण खिशात हात असतानाच मी खाली बघितलं होतं. एका लाल रेघेच्या पुंगळीची मान बाहेरून काळी होती. दारू नीट पेटली नाही की धूर मागे उलटतो आणि पुंगळी बाहेरून काळवंडते. मी हात खिशातून काढला नाही. ती सवय नव्हती.

क्लबच्या समितीचे दोघं आले. टेबलावर काकांची स्वतःची उघडी पेटी होती, माझी रिकामी डबी काकांनी आपल्या जॅकेटमध्ये सारली होती. मला वाचवायला. त्यांनी माझं नावही घेतलं नाही. लोक पांगल्यावर मला हळूच विचारलं, "तुझी ठीक होती ना सगळी?"

"हो," मी म्हणालो.

"मग माझंच," ते म्हणाले. "त्या रात्री भरताना मुलीचा फोन आला होता. एकात दारू घालायची राहिली असणार." आणि थोड्या वेळानं, कुणालाच न सांगितल्यासारखं, "मला आठवतंय की मी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघितलं होतं. पण आठवतंय म्हणजे काय?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझा डच पासपोर्टचा, म्हणजे नागरिकत्वाचा, अर्ज खेमेंटेत पडलेला होता. परवाना जाईल, पोलिसांत नोंद होईल, अर्ज अडेल, घरी काय सांगू, हे सगळं दोन श्वासांत डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "कॉफी गार होतेय."

समितीनं काकांना अतिशय सभ्यपणे सांगितलं, की आता घरी काडतुसं भरू नका. त्यांनी वाद घातला नाही. क्लबात येणं कमी झालं, मग थांबलं. मी त्यांच्या घरी जात राहिलो, दर दोन-तीन आठवड्यांनी, बायकोनं दिलेली चकली किंवा शेव घेऊन. बायको म्हणायची, "किती रे जीव लावतोस त्या म्हाताऱ्याला." मी डबा पिशवीत घालायचो. माझा अर्ज मंजूर झाला, खेमेंटेत छोटा समारंभ झाला, मुलीनं फोटो काढले. त्यातल्या एकाही फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघत नाही.

काकांच्या घरात चिठ्ठ्या दिसू लागल्या. आधी एक, गॅसवर: बंद? मग मागच्या दारावर: किल्ली. मग खणांवर, डब्यांवर, औषधांच्या पाकिटांवर, सगळ्या त्यांच्या त्या उपकरणांवर कोरल्यासारख्या बारीक अक्षरात. त्यांचा चहा ते नेहमी बरोबर करायचे. माझ्या मुलीची इयत्ता त्यांच्या लक्षात असायची, माझ्याही नसायची कधीकधी. तरी ते म्हणायचे, "डोकं चाललंय, इंजिनिअर. सुरुवात त्या शनिवारी झाली."

हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, चाचणी घेतली. काही सापडलं नाही. "म्हणजे अजून सापडलं नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या वसंतात एक दिवस गेलो तर त्यांची वर्कशॉपची शेड अर्धी रिकामी होती. घर विकायचं ठरलं होतं. कापेलला, मुलीच्या घराजवळ, एक खोली बघून ठेवली होती, अशी की जिथे रात्रंदिवस कुणीतरी लक्ष ठेवतं. रायफल पुढच्या महिन्यात परवान्यासकट परत जाणार होती. ज्यावर ते धातूचे सुटे भाग घडवायचे तो लेथ मात्र अजून जागेवर होता, तेल लावून पुसलेला.

"हा तुझा," ते म्हणाले. "शनिवारी गाडी घेऊन ये. अनोळखी माणसाला द्यायचा नाही मला. तुझा हात बरा आहे आणि तू चुका लिहून ठेवतोस."

मी लेथच्या चाकावर हात ठेवला. त्याचा दांडा त्यांच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झाला होता. तेव्हा मी बोललो. डचमध्ये बोलायचं म्हणून आदल्या रात्रभर वाक्यं जुळवलेली वगैरे काही नव्हतं. जे आलं ते बोललो, इंग्रजी आणि डच मिसळून, क्रियापदं चुकवत. काळी पुंगळी माझी होती. ती माझ्याकडे आहे. त्या डबीवर तारीख नव्हती.

ते आत गेले. मला वाटलं फोन करायला. परत आले ते माझी पुठ्ठ्याची डबी घेऊन. त्यांनी ती ठेवली होती, खिडकीत, अक्षरं छान दिसतात म्हणून.

"वाच."

मी डचमध्ये सांगायला लागलो.

"नाही. आधी जसं लिहिलंय तसं वाच."

"उभं धर, टिचकी मार, हळू सरकव."

"आता सांग."

मी सांगितलं. त्यांनी उजव्या हाताची बोटं हवेत धरली, न दिसणारं काडतूस उभं धरल्यासारखी, आणि एक टिचकी मारली. "एवढंच?"

"एवढंच."

तेव्हा ते चिडले. ओरडले नाहीत. पांढऱ्या पडलेल्या ओठांनी म्हणाले, "सव्वा वर्षं. रोज सकाळी मी उठून आधी आजचा वार आठवतो. उठायच्या आधी. वार आठवेपर्यंत पाय खाली ठेवत नाही. आणि तू इथे बसून कुरकुरीत काहीतरी खायला घालत होतास मला."

मी चाकावरचा हात काढून घेतला.

मी निघायला वळलो तर ते म्हणाले, "कुठे चाललास? वही आणलीस का?"

वही माझ्या पाठपिशवीत होती. आधी का घेतली होती ते विचारू नका. त्यांनी तपमान विचारलं, त्या दिवशीचं. दहाच्या दहा आकडे विचारले. मग विचारलं, "दहात सगळ्यात हळू कोणती? सरासरीपासून किती लांब?" मी सांगितलं. "मग तेव्हाच दिसत होतं," ते म्हणाले. "एक पाय लंगडत होता." मी मान हलवली. प्रश्नचिन्हाच्या ओळीवर आल्यावर मी ती जशीच्या तशी वाचली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग तिजोरीतून रायफल काढली. नळीला कुणी हात लावला नव्हता, त्यांच्यानं बघवलं नव्हतं. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, बाजूला काढून ठेवला आणि साफ करायची लांब सळई माझ्या हातात दिली. "किती आत अडकली असेल? आधी अंदाज लिही. मग मोज."

मी लिहिलं. त्यांनीही स्वतःचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहिला आणि उलटा ठेवला. मी नळीच्या तोंडातून सळई आत घातली, टेकली तिथे नखानं खूण धरली आणि काढून पट्टीवर ठेवली. माझा अंदाज चार बोटं चुकला होता. त्यांचा अर्धं बोट. त्यांनी चिठ्ठी सुलट केली, दोन आकडे शेजारी ठेवून बघितले, पुन्हा एकदा मोजायला लावलं, मग मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. टॉवेल फटकारला त्या दिवशी जे होतं त्याच्या जवळचं काहीतरी.

"समितीला पत्र लिही," ते म्हणाले. "डचमध्ये. स्वतः. मी तपासणार नाही."

मी लिहिलं. माझा परवाना गेला, क्लबचं दार बंद झालं, आणि ते दोन्ही बरोबरच झालं. पासपोर्टला काही झालं नाही. सव्वा वर्षं ज्या भीतीनं तोंड शिवून बसलो होतो ती मुळातच खरी नव्हती, हे कळल्यावर मला हलकं नाही, आणखी लाज वाटली. बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "चकल्या मी करत होते आणि घेऊन जात होतास तू, ते यासाठी."

पण ते नंतर. त्या दुपारी शेडमध्ये काकांनी वही माझ्याकडून घेतली, माझ्या प्रश्नचिन्हाखाली सळईचं माप आणि त्या दिवशीचं तपमान आपल्या बारीक अक्षरात लिहिलं आणि वही परत दिली. मग मुलीला फोन लावला. माझ्यासमोरच. हवापाण्याचं काही न विचारता तिला म्हणाले, की कापेलची खोली सध्या राहू दे.

ती पलीकडून काहीतरी विचारत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लेथ?" ते फोनमध्ये म्हणाले. "नाही, तोही कुठे जात नाही."